फी शेतकऱ्याची, अहवाल कोर्टाचा

वाढीव मोबदल्याच्या दाव्यात मूल्यांकनकाराला जागेवर नेतात तेव्हा जागा बहुधा उरलेलीच नसते. निवाडा होऊन वर्षं लोटलेली असतात. जमिनीवरून कालवा गेलेला असतो, नाहीतर ती पाझर तलावाच्या पोटात गेलेली असते. डाळिंबाची बाग, बांधावरचे आंबे, विहीर, पाइपलाइन, गोठा या सगळ्याची किंमत काढायची, तीही १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४ ची अधिसूचना निघाली त्या दिवशीची, आणि समोर पाहावं तर पाणी. सोलापूर जिल्ह्यात सरकारमान्य मूल्यांकनकार म्हणून माझं बरंचसं आयुष्य अशा न दिसणाऱ्या मालमत्तांच्या किमती काढण्यात गेलं आहे. शिक्षणाने मी स्थापत्य अभियंता. विहिरी आणि बांधकामं मी पाहतो. झाडांसाठी निवृत्त फलोत्पादन अधिकारी असलेले एक स्नेही सोबत येतात आणि आपल्या भागाखाली स्वतः सही करतात. ज्याला जे कळतं त्यानेच त्याखाली सही करायची आणि उलटतपासालाही त्यानेच उभं राहायचं, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं आहे.

मला आणतो शेतकरी, म्हणजे खरं तर त्याचा वकील. फी शेतकरी देतो. साक्षीदारांच्या यादीत माझं नाव ‘अर्जदारातर्फे’ या शब्दाखाली येतं. पुराव्याच्या कायद्याला मात्र माझ्याकडून वेगळंच काही हवं असतं. जुन्या कायद्याचं कलम ४५, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ३९, तज्ज्ञाचं मत पुराव्यात घेतं ते न्यायाधीशाला ज्या विषयाचं ज्ञान असणं अपेक्षित नाही त्या विषयात त्याला मदत व्हावी म्हणून. अर्जदाराची बाजू मांडायला वकील बसलेलाच असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध जय लाल या निकालात हे स्वच्छ सांगितलं आहे. प्रकरण सफरचंदाच्या बागांचं होतं, म्हणून आमच्या कामाला ते फारच जवळचं. न्यायालयाचं म्हणणं असं की तज्ज्ञाने नुसता निष्कर्ष हातात ठेवून चालत नाही. तो निष्कर्ष पारखून बघायची शास्त्रीय साधनं त्याने न्यायाधीशाला द्यायची, म्हणजे न्यायाधीश स्वतःचं मत स्वतः बनवू शकेल. नवीन वकिलांना मी हा निकाल वाचायला सांगतो. वाचणारे वाचतात.

हे सगळं पाळणं कठीण का होतं ते पैशाच्या हिशोबावरून कळतं. १८९४ च्या कायद्याखालच्या जुन्या प्रकरणांत वाढवून मिळालेल्या प्रत्येक रुपयावर ३० टक्के दिलासा रक्कम मिळते. अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत, जे आधी होईल तोवर, दरसाल १२ टक्के वेगळे. ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे दरसाल १५ टक्के व्याज. ‘सुंदर’ या २००१ च्या प्रकरणातल्या निकालानंतर दिलासा रकमेवरही व्याज चढतं. दावा वीस वर्षं रखडला तर अहवालातल्या एका रुपयाचे शेवटी सहाच्या आसपास होतात. म्हणजे मी एका झाडामागे शंभर रुपये जास्त लिहिले आणि झाडं तीनशे असली, तर तीस हजारांचे पावणेदोन-दोन लाख झाले. मग कुणीतरी चहाच्या टपरीवर बाजूला घेऊन विचारतंच, “साहेब, फी राहू द्या हो, टक्क्यात बघू ना?”

टक्क्याला माझं उत्तर ठरलेलं आहे. संपत्ती कराच्या कायद्याखाली नोंदणी घेतानाच मूल्यांकनकार लिहून देतो की मूल्यांकन निःपक्षपाती आणि खरं करीन, ठरवून दिलेल्या दराहून जास्त फी घेणार नाही आणि ज्या मालमत्तेत माझा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध आहे तिचं मूल्यांकन करणार नाही. टक्का घेतला की हितसंबंध आलाच. कंपनी कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांत तर मूल्यांकनकारांच्या आचारसंहितेत यशावर अवलंबून असलेली फी थेट मना केली आहे. तरी मला टक्केवाल्यांची फारशी भीती वाटत नाही. तो व्यवहार उघडा असतो. नाही म्हटलं की संपतो. जे कधी उघड मागितलंच जात नाही त्याने अहवाल जास्त बिघडतो.

खरेदीखतांचं घ्या. जमिनीचा दर काढायला आजूबाजूचे व्यवहार लागतात. वकील तीन खरेदीखतांच्या प्रमाणित प्रती फाईलला लावून पाठवतात. तिन्ही खरी, नोंदणीकृत, मुद्रांकासह. दर बघितला तर डोळे दिपतात. मग मी दुय्यम निबंधकाकडे जाऊन त्या गावाचे आणि शेजारच्या दोन गावांचे तीन वर्षांचे सूची दोनचे उतारे स्वतः काढतो. दिलेल्या तीन खतांपैकी एक निघतं डांबरी रस्त्यालगतच्या दहा गुंठ्यांचं, पेट्रोल पंपासाठी घेतलेलं. दुसरं भावाभावांतलं. आणि जी फाईलमध्ये लावलेलीच नव्हती अशी एकरा-दोन एकरांची जिरायत जमिनीची खतं निघतात, त्यांचा दर निम्मा. वकिलाने खोटं काही दिलेलं नसतं. त्याने निवडून दिलेलं असतं, आणि निवडणं हे त्याचं कामच आहे. ती निवड मी तशीच उचलली तर अहवालाखाली सही माझी, पण मत त्याचं. तज्ज्ञाचा स्वतंत्रपणा लोक शेवटच्या आकड्यात शोधतात. मला तो आधी दिसतो, कागद कुणी निवडले या प्रश्नात.

पुण्यातल्याच जमिनीवरून गेलेलं चिमणलाल हरगोविंददासचं १९८८ चं प्रकरण आम्हा लोकांना पाठ असतं. लहान तुकड्याचा दर मोठ्या क्षेत्राला लावताना साधारण २० ते ५० टक्के वजावट करावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे. पेट्रोल पंपाचं खत मी अहवालातून गाळत नाही. ते घेतो, वजावट किती आणि का तेही लिहितो, आणि निम्म्या दराची खतंही त्याच तक्त्यात बसवतो. वकिलाचा फोन येतो. “साहेब, ही बाकीची कशाला घातलीत? ती सरकारी वकिलाने काढायची.” मी म्हणतो, “त्यांनी काढली तर मी उलटतपासात उघडा पडेन. मीच दिली तर तुमचा दर टिकेल.” हे काही जणांना पटतं. ज्यांना पटत नाही त्यांची पुढची फाईल दुसरीकडे जाते.

एका मे महिन्यात एका तलावाच्या बुडीत क्षेत्रात गेलो होतो. पाणी आटलं होतं आणि भेगाळलेल्या गाळातून विहिरीचा कठडा वर आला होता. मूल्यांकनकाराला अशी संधी क्वचित मिळते. मी माझ्या मोटारसायकलवरून गेलो होतो. अर्जदाराच्या जीपमध्ये मी बसत नाही, कारण जीपमध्ये तासभर जी बोलणी होतात ती अहवालात नोंदवता येत नाहीत आणि विसरताही येत नाहीत. चहा घेतो, चहा नाकारणं बरं दिसत नाही. जेवणाचा डबा माझा मी नेतो. त्यावरून त्या भागात मला ‘डबेवाले साहेब’ म्हणतात, हे मला उशिरा कळलं.

विहिरीचे मालक, त्यांना आबा म्हणू, काठावर उभे राहून म्हणाले, “धा परस हाय साहेब. वाकून बघा की.”

वाकून काय दिसणार, गाळच. आतला व्यास टेपने घेतला, बावीस फूट. दगड बांधून दोर सोडला तर तो एकतीस फुटांवर मऊ टेकला. दहा परस म्हणजे साठ फूट. संयुक्त मोजणी पत्रकात पंचेचाळीस लिहिलेले. तीन आकडे, आणि आबा माझ्या तोंडाकडे बघत उभे.

खणाईचा खर्च खोलीवर जेवढा अवलंबून असतो तेवढाच थरांवर. माती किती, मुरूम किती, कठीण खडक किती. विहीर बुजली तरी तिच्यातून निघालेला डबर कुठेतरी पडलेला असतो. तो शोधत मी वरच्या बांधाकडे गेलो. पाण्याच्या रेषेच्या वर डबराचा ढीग होता. वरून मुरूम, आणि उकरल्यावर सुरुंगाने फुटलेला काळा पाषाण, काही दगडांवर पहारीने पाडलेल्या भोकांच्या अर्ध्या नळ्या स्पष्ट दिसत होत्या. म्हणजे खडकात बरंच खाली गेले होते. आबांनी मग घरातल्या पत्र्याच्या पेटीतून जवाहर विहीर योजनेच्या अनुदानाचे कागद काढले. त्यात पंचायत समितीच्या अभियंत्याने घेतलेली मापं होती. खोली बावन्न फूट.

अहवालात मी असं लिहिलं: पाहणीच्या दिवशी मोजलेली खोली ३१ फूट, त्याखाली गाळ. जमीनधारकाच्या सांगण्यानुसार मूळ खोली सुमारे ६० फूट. संयुक्त मोजणी पत्रकानुसार ४५ फूट. अनुदानाच्या मोजमापानुसार ५२ फूट. मूल्यांकनासाठी ५२ फूट धरली आहे, कारण हे मोजमाप भूसंपादनाचा विषय निघण्यापूर्वीचं आहे आणि ते घेणाऱ्याला खोली वाढवण्यात किंवा घटवण्यात काही मिळायचं नव्हतं. डबराचे फोटो जोडले. आबांच्या वकिलांना साठ हवे होते. आबांनाही. “मी खोटं बोलतुय व्हय?” असं त्यांनी विचारलं. खोटं बोलत होते असं मला वाटलं नाही. अनुदानाच्या मोजमापानंतर त्यांनी विहीर आणखी खणलीही असेल. पण त्याला आधार त्यांच्या शब्दाचा होता, आणि त्यांचा शब्द कोर्टापुढे त्यांनी स्वतः शपथेवर ठेवायचा होता. तो माझ्या तोंडून आला असता तर त्याला तज्ज्ञाच्या मताचं वजन चढलं असतं, जे त्याचं नव्हतं.

झाडांत हा प्रश्न आणखी अवघड. अधिसूचना निघणार याची कुणकुण लागली की गावात रोपवाटिकांच्या गाड्या यायला लागतात. एका प्रकरणात एका एकरात नऊशे डाळिंबं दाखवली होती. डाळिंबाची शिफारस साडेचार बाय तीन मीटरची; त्या अंतराने हेक्टरी सातशेचाळीस बसतात, एकरी तीनशे. नऊशे झाडं एका एकरात लावता येतात, पण ती फळं देत नाहीत. माझ्या स्नेह्यांनी अहवालात एवढंच लिहिलं की या अंतरावर झाड उत्पादनक्षम वयाला पोचणं शक्य नाही, म्हणून तीनशे झाडांचं मूल्यांकन उत्पन्नावर आणि उरलेल्यांचं रोपांच्या खर्चावर. बाग उत्पन्नावरून मोजली की त्यात जमिनीची किंमत आलीच. मग जमिनीचे वेगळे पैसे मागता येत नाहीत. हरियाणाच्या गुरचरणसिंग प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं, आणि उत्पन्नाला आठ वर्षांपेक्षा जास्त गुणक लावू नका असंही सांगितलं. तरी दोन्ही रकान्यांत आकडे भरून आणि गुणक पंधरा लावून आलेले अहवाल मी पाहिले आहेत. छापील नमुना एकच, गावाचं आणि अर्जदाराचं नाव तेवढं बदललेलं. एका अहवालात तर आधीच्या अर्जदाराच्या नारळाच्या झाडांचा परिच्छेद तसाच राहिला होता, आणि या शेतात नारळाचं एकही झाड नव्हतं.

असे अहवाल का चालतात? कारण कापाकापी सगळ्यांनी गृहीत धरलेली असते. वकील म्हणतात, “कोर्ट तिसरा हिस्सा तरी कापतंच, मग तुम्ही तेवढं वर धरा.” कोर्टाला माहीत असतं की तेवढं वर धरलेलं आहे, म्हणून ते कापतं. बाजारात साडीची किंमत करावी तसं हे चालतं. यात नुकसान होतं ते ज्याने वाढवलेलं नाही त्याचं, आणि ही झळ मूल्यांकनकाराला लागत नाही, त्याच्या अर्जदाराला लागते. सचोटीच्या गोष्टी करताना आपण एवढंच सोयीने विसरतो.

आबांच्याच तलावात त्यांच्या शेजाऱ्याचीही जमीन गेली. त्याचा अहवाल दुसऱ्या मूल्यांकनकाराचा, विहिरीचा आकडा जवळपास दुप्पट. दोन्ही दावे एकाच कोर्टात, एकत्र चालले. आमच्या अहवालातली खोली कोर्टाने मान्य केली, थर मान्य केले, दरात थोडी कपात केली. शेजाऱ्याच्या अहवालाला कारणं नाहीत असा शेरा मारून कोर्टाने सरसकट चाळीस टक्के कापले. कापूनही शेजाऱ्याला आबांपेक्षा जास्त मिळाले. निकालानंतर आबा कोर्टाच्या आवारात भेटले आणि म्हणाले, “त्याचा मानूस बरा व्हता म्हनायचा.” रागाने नाही, हिशोब मांडावा तसं म्हणाले. सरकारने दोन्ही निकालांवर उच्च न्यायालयात अपील केलं आहे. कोर्टात ठेवलेल्या रकमेतून दोघांनीही काही उचल केली आहे. पुढे कुणाचं किती टिकेल हे मला सांगता येणार नाही, आणि माझा अहवाल टिकला म्हणून आबांच्या हातात शेजाऱ्याहून जास्त पडेल असंही नाही.

सरकारी बाजूबद्दल कुणी फारसं बोलत नाही. निवाड्यातली विहिरीची किंमत काढतो ज्या खात्याला जमीन हवी त्याचाच अभियंता, जिल्हा दरसूचीवरून, टेबलावर बसून. झाडं मोजतो सरकारी कृषी कर्मचारी. २०१३ च्या नव्या कायद्याच्या कलम २९ नेही इमारतींसाठी अभियंता आणि झाडांसाठी फलोत्पादनातला जाणकार नेमायची मुभा जिल्हाधिकाऱ्यालाच दिली आहे. हे लोक अप्रामाणिक असतात असं माझं म्हणणं नाही. माझे स्नेही त्याच नोकरीत होते, आणि आकडा ‘बजेटमध्ये बसवा’ असं सांगणारे फोन त्यांनी घेतलेले आहेत. पण त्यांचा पगार कोण देतं हा प्रश्न त्यांना पिंजऱ्यात कुणी विचारत नाही. मला हमखास विचारतात.

उलटतपासाची चाल आता तोंडपाठ झाली आहे. “आपण आजवर एकदा तरी सरकारच्या बाजूने अहवाल दिला आहे काय?” सरकारने मला कधी बोलावलंच नाही, असं मी सांगतो, ते तसं नोंदवलं जातं की नाही हे त्या दिवशीच्या घाईवर अवलंबून. आणि शेवट ठरलेला. सरकारी वकील सुचवतात, मी नाकारतो, आणि कागदावर उतरतं: ‘अर्जदाराकडून जादा फी घेऊन मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे खोटा अहवाल तयार केला, हे म्हणणे खरे नाही.’ माझ्या प्रत्येक जबाबात हे वाक्य आहे. खऱ्या अहवालाच्या जबाबातही तेच, नारळवाल्या अहवालाच्या जबाबातही तेच. त्या वाक्याने काहीच वेगळं काढता येत नाही. वेगळं काढता येतं ते ‘तुम्हाला कोणते कागद मिळाले आणि कोणते तुम्ही स्वतः आणले?’ असं विचारलं तर. हा प्रश्न मला फार कमी वेळा आला आहे.

इंग्लंडमध्ये हाच पेच नियमांनी धरला. १९९३ मध्ये ‘इकारियन रीफर’ नावाच्या जळालेल्या जहाजाच्या विम्याचा दावा चालला, आणि तज्ज्ञ साक्षीदाराची कर्तव्यं काय हे न्यायमूर्ती क्रेसवेल यांनी त्या निकालात मुद्देवार लिहून ठेवलं. १९९९ पासून तिथल्या दिवाणी नियमांतच आलं की तज्ज्ञाचं कर्तव्य कोर्टाप्रति, आणि ते त्याला पैसे देणाऱ्यापुढच्या कर्तव्याहून वरचढ. आपल्याला नेमकं काय करायला सांगितलं होतं याचा सारांशही अहवालात द्यावा लागतो. तिथल्या तज्ज्ञांना साक्षीबद्दल दाव्यापासून जे संरक्षण होतं तेही २०११ मध्ये काढून घेतलं गेलं. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत पक्षकाराने आणलेल्या तज्ज्ञासाठी असं काही लिहिलेलं नाही. मी सूचनापत्राची कल्पना उचलली. वकिलाचं पत्र आल्याशिवाय काम सुरू करत नाही, आणि ते पत्र अहवालाला परिशिष्ट म्हणून लावतो. त्यापुढे दोन याद्या: मिळालेले कागद, आणि मी मिळवलेले. याचा एक फायदा मी धरलाच नव्हता. पत्र कोर्टात जाणार हे माहीत असलं की वकील पत्रात ‘साठ फूट धरावी’ असं लिहीत नाहीत. फोनवर सांगतात. मग मी म्हणतो, हे लिहून द्या.

संहितेतली एक वाट मात्र मला बरी वाटते, आदेश २६ नियम ९ ची. तिथे कोर्टच आयुक्त नेमतं. मी काही दाव्यांत, बांधाच्या आणि अतिक्रमणाच्या, असा कोर्ट कमिशनर म्हणून गेलो आहे. दोन्ही बाजूंना नोटीस, दोघंही टेपचं एकेक टोक धरून उभे, फी आधीच कोर्टात भरलेली. दोघंही माझ्यावर सारखेच चिडलेले असतात आणि काम झपाट्याने होतं. भूसंपादनाच्या दाव्यात ही वाट सहसा घेतली जात नाही. पुरावा आणणं अर्जदाराचं काम, आयुक्ताने तो गोळा करू नये, असं म्हणतात आणि त्यात तथ्य आहे.

निदान फी तरी कोर्टातून यावी असं मी जिल्ह्यातल्या वकिलांच्या एका बैठकीत सुचवलं. तज्ज्ञ शेतकऱ्यानेच निवडावा, पण फीची रक्कम त्याने कोर्टात नाझराकडे भरावी आणि अहवाल दाखल झाला की मूल्यांकनकाराने ती तिथून उचलावी. म्हणजे आकडा आवडला नाही म्हणून उरलेली फी अडवता येणार नाही, आणि टक्क्याचं बोलणंही बंद होईल. एक ज्येष्ठ वकील हसून म्हणाले, “साहेब, नाझराकडून पैसे निघेपर्यंत तुम्ही रिटायर व्हाल.” मी म्हटलं, माझ्या धंद्यात रिटायर कुणी होत नाही, आणि तेवढा उशीर मला परवडेल. विषय पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं आहे.